आजेसासूबाईंच्या वहीतले १९ नवे पैसे

मोगऱ्याची_वेणी

नमस्कार मंडळी. जाणकारांची, विशेषतः ज्येष्ठांची मदत हवी आहे म्हणून हा धागा.

घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या आजेसासूबाईंची हिशेबाची वही सापडली. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी. मार्च १९५७ ते १९५९ ची दिवाळी, जवळजवळ एकही दिवस न चुकवता. तेव्हा ही मंडळी मुंबईत ठाकुरद्वारला चाळीत राहत होती. दोन खोल्या, आठ माणसं. आजेसासरे एका कचेरीत कारकून. अक्षर मोत्यासारखं आहे, पण मजकूर अर्धाच कळतो. माझे प्रश्न असे:

मार्चअखेरपर्यंत सगळे आकडे ०–३–० अशा तीन घरांत आहेत. एप्रिलपासून एकदम "न. पै." सुरू होतं, आणि ६, १२, १९, ३१, ३७, ४४ हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. भाजी १९, चहापूड ३७, कुठे ४४. सरळ २० किंवा ४० का नाही?

महिन्याच्या ३–४ तारखेला "वाणी ४८ दिले" एवढंच. तपशील काही नाही. तांदूळ-डाळीचा भाव शोधायचा तर मिळतच नाही.

"रेडिओ – पोस्टात १५ रु." ही नोंद १९५८ आणि १९५९ मध्ये आहे. रेडिओचा आणि पोस्टाचा काय संबंध? हप्ता होता का?

"कार्ड" हा शब्द दोन प्रकारे येतो. एकदा ५ पैसे, आणि एकदा नुसतंच "कार्ड बदलून आणले".

आणि भाडं साडेबारा रुपये! ठाकुरद्वारला! हे वाचल्यापासून नवरा दिवसातून तीनदा "काय स्वस्ताई होती" म्हणत फिरतोय. त्याला काय उत्तर देऊ तेही सांगा.

---

आकडेमोड

छान धागा. वाचनखूण साठवली.

भावांची तुलना करायची तर सोन्याशी करा, तीच खरी मोजपट्टी. १९५७ ते ५९ च्या दरम्यान दहा ग्रॅम सोनं ९० ते १०० रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे कारकुनाचा पगार सव्वाशे-दीडशे धरला तर महिन्याला तोळाभर सोनं घरी येत होतं. आज किती कारकुनांना हे जमतं? नवरोबा बरोबर बोलतायत.

---

फणसवाडी

ताई, धागा वाचला आणि दुपारची झोप गेली. मी १९५७ साली दहा वर्षांचा होतो आणि तुमच्या ठाकुरद्वारपासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. घरात थोरला मुलगा मीच, त्यामुळे सगळी बाजारहाट माझ्याकडे. तुमच्या वहीतले आकडे मी या हातांनी मोजून दिले-घेतलेले आहेत.

आधी तुमचा १९. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन. ०–३–० म्हणजे शून्य रुपये, तीन आणे, शून्य पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता शंभराला सोळाने भागा. सव्वासहा येतात. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारने तक्ता ठरवून दिला: अर्धा किंवा त्याहून कमी आला तर सोडायचा, जास्त आला तर पुरा धरायचा. एक आणा ६, दोन आणे साडेबाराचे १२, तीन आणे पावणेएकोणीसचे १९, चार आणे २५, पाच ३१, सहा ३७, सात ४४, आठ ५०. तुमच्या आजेसासूबाई भाजी तीन आण्यांचीच आणत होत्या. भाव बदललेला नाही, लिहायची रीत बदलली. हा तक्ता पोस्टात, स्टेशनात, दुकानांत टांगलेला असायचा, कॅलेंडरवर छापलेला असायचा, आणि शाळेत आमच्याकडून पाढ्यासारखा म्हणून घेत.

आता यातली गंमत सांगतो, ती तक्त्यात लिहिलेली नव्हती. सुटा जुना पैसा म्हणजे पाव आणा, म्हणजे दीड नव्या पैशाहून किंचित जास्त. नियमाने त्याचे २ नवे पैसे. पण चार जुने पैसे एकत्र दिले तर एक आणा, म्हणजे ६ नवे. म्हणजे तेच चार पैसे एकेक करून मोडले तर आठ मिळायचे आणि एकदम मोडले तर सहा! वाडीतल्या पोरांना हे गणित मास्तरांच्या आधी कळलं. भोकाचा पैसा घेऊन चार पोरं चार वेळा वाण्याकडे जायची. वाणी कच्छी, त्याच्या सात पिढ्या हिशेबात मुरलेल्या. आठवडाभरात त्याने जाहीर केलं की सुटा पैसा मोडून मिळणार नाही, माल घ्यायचा असेल तर घ्या.

त्याची बाजूही होतीच. दोन आण्यांचा जिन्नस १२ ला विकला की अर्धा पैसा त्याच्या खिशातून गेला. आठ गिऱ्हाइकं झाली की रुपयाच्या जागी ९६ पैसे गल्ल्यात. मग त्याने काय करावं? १२ चे १३ केले, काही दिवसांनी १५. उलट ज्या वस्तू एका जुन्या पैशाला मिळत, म्हणजे चण्याची पुडी, लिमलेटची गोळी, सुईदोरा, त्या सरळ २ नव्या पैशांना झाल्या. जुन्या हिशेबाने रुपयात ६४ गोळ्या यायच्या, नव्याने पन्नास. मोठ्यांना ही महागाई दिसलीच नाही, कारण ती फक्त पोरांच्या आणि गरिबांच्या वस्तूंवर होती. मोलकरणी, भाजीवाल्या, हमाल यांचा सगळा व्यवहारच पैशा-दोन पैशांचा. त्यांना ती रोज बोचत होती.

शिवाय जुनी-नवी नाणी बरीच वर्षं एकत्र चालली. नवे ५ पैसे चौकोनी, आणि जुनी चवलीही चौकोनीच. नवे १० पैसे कंगोऱ्याचे, जुना आणाही कंगोऱ्याचा. दिवेलागणीला भुलेश्वरला भाजीवालीच्या टोपलीशी उभं राहून चवली समजून पाच पैसे कोण घेतंय आणि कोण देतंय, यावरून रोज भांडणं. आमच्या आजीने तर नव्या नाण्यांची वेगळी पुरचुंडी केली होती आणि ती फक्त देवळात वापरायची. देवाला फसवलेलं चालतं, भाजीवालीला नाही, हे तिचं तत्त्वज्ञान. सरकारने "नवा" हा शब्द १९६४ च्या जूनपासून काढून टाकला, पण वाडीतल्या म्हाताऱ्या नंतरही आण्यांतच बोलत होत्या. बारा आणे म्हटल्यावर पोरांना ७५ कळायला हवं, एवढीच त्यांची अपेक्षा.

दुसरं, वाण्याचे ४८. तपशील तुमच्या वहीत नसणारच, तो वाण्याच्या वहीत. महिनाभर माल खात्यावर यायचा. मी पिशवी आणि छोटी चोपडी घेऊन जायचो, वाणी तिच्यात लिहायचा आणि स्वतःच्या खातेवहीतही. पगार झाला की वडील हिशेब चुकता करायचे. क्वचितच पुरा चुकता व्हायचा. पाच-दहा रुपये "मागील बाकी" म्हणून पुढच्या महिन्यात जायचे. ती चोपडी ट्रंकेत सापडली तर मात्र सोन्याहून मोलाची. तिच्यात भाव मिळतील, पण वजन बघून वाचा. "शेर" दिसला की लगेच किलोशी ताडून पाहू नका. बंगाली शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे किलोला थोडा कमी. पण जुना मुंबई शेर २८ तोळ्यांचा, आजच्या किलोचा तिसरा हिस्सा, आणि जुन्या बायकांच्या तोंडी तोच बसलेला. दोन्ही शेर एकाच घरात नांदायचे. किलो-ग्रॅमची सुरुवात ऑक्टोबर १९५८ मध्ये काही भागांत झाली आणि पुरता अंमल १९६२ च्या एप्रिलपासून. म्हणजे एका पिढीला पाच वर्षांत नाणीही बदलायला लागली आणि वजनंही. आमच्या आईला दोन्ही बदलांचा मनस्वी संताप होता, पण हिशेबात तिला कोणी कधी फसवलं नाही.

तिसरं, रेडिओ. हप्ता नव्हे, लायसन्स! घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारी परवाना लागायचा, आणि तो पोस्टातून मिळायचा. वर्षाला पंधरा रुपये. पुस्तिका असायची, तिच्यावर दर वर्षी नोंद. म्हणजे तुमच्या आजेसासऱ्यांकडे १९५८ मध्ये स्वतःचा रेडिओ होता. ठाकुरद्वारच्या चाळीत हे मोठंच प्रस्थ. त्या मजल्यावरची निम्मी माणसं संध्याकाळी तुमच्याकडे बसलेली असणार, लिहून घ्या.

चौथं, कार्ड. ५ पैशांचं ते पोस्टकार्ड. आधी ते तीन जुन्या पैशांना, म्हणजे नऊ पैला होतं. आणि "बदलून आणले" ते आरेच्या, म्हणजे सरकारी डेअरीच्या, दुधाचं कार्ड असावं. पहाटे केंद्रावर रांग, काचेच्या बाटल्या, वर पातळ पत्र्याची टोपणं. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. घरातली बाटली फुटली की त्या दिवशी दूध नाही आणि वर मार. पहाटे केंद्रावर बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुली असत. शिक्षणाचा खर्च त्या त्यातून काढायच्या. साधं दूध आणि टोन्ड दूध असे दोन प्रकार, आणि कारकुनांच्या घरात टोन्डच यायचं. पाहुणे आले तर साधं.

आता भाडं आणि स्वस्ताई. "आकडेमोड" यांनी सोन्याचा दाखला दिला. सोनं शंभराला होतं हे खरं, पण कारकून ते दर महिन्याला घेत होता का? आमच्याकडे आईच्या लग्नातल्या पाटल्या सोडून घरात सोनं आलं ते एकदाच, आत्याच्या लग्नात, आणि तेही दुसऱ्याच्या घरी गेलं. वडिलांच्या हातात १३० रुपये यायचे. केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या नोकराला महागाईभत्त्यासकट ८० रुपये मिळावेत असं १९५९ मध्ये दुसऱ्या वेतन आयोगाने सांगितलं, त्यावरून अंदाज करा. १३० मधले पन्नासएक वाण्याला, मग दूध, कोळसा, घासलेट, शाळेची फी, गावाला आजोबांना मनिऑर्डर. पंचवीस तारखेनंतर आई शेजारी वाटी घेऊन जायची, आणि शेजारचीही आमच्याकडे यायची. कोण कोणाकडे किती वेळा गेलं याचा हिशेब दोघींच्या डोक्यात पक्का, कागदावर कुठेच नाही.

भाडं साडेबारा होतं कारण ते गोठवलेलं होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण मानलं. ज्याला खोली मिळाली त्याचं नशीब फळफळलं. ज्याला मिळाली नाही त्याला पागडी, म्हणजे खोली मिळवायला आधी मोजायची रोख रक्कम, आणि ती हजारांत. माझ्या मामाला लग्न होऊन चार वर्षं खोली मिळाली नाही. मामी माहेरी, मामा खानावळीत. त्याला विचारा स्वस्ताई!

खरी गोष्ट अशी की पोटात जाणारं आणि माणसाच्या कष्टांनी होणारं स्वस्त होतं, कारखान्यात होणारं महाग. भांडी घासायला बाई महिन्याला तीन-चार रुपयांत, पण पितळी स्टोव्ह घ्यायला आईने दोन वर्षं भिशी लावली. न्हावी घरी यायचा, धोबी घरी यायचा. सायकल मात्र दोनशेच्या घरात. साधा रेडिओ अडीचशे-तीनशे, म्हणजे वडिलांचे दोन पगार आणि वर लायसन्स. घड्याळ सासऱ्याने द्यायचं. कपडे दिवाळीत, एकाच ताग्यातून तिघा भावांचे शर्ट, मोठ्याचा धाकट्याला. टेरिलीनचा शर्ट मी पहिल्यांदा पाहिला तो आफ्रिकेतून आलेल्या एका पाहुण्याच्या अंगावर. वाडीतल्या चारपाच जणांनी त्याच्या बाहीला हात लावून पाहिला होता.

नवऱ्याला सांगा, त्याच्या आजोबांच्या पगारात आज त्याच्या हातात असलेल्या वस्तूंपैकी चप्पल सोडून काही आलं नसतं.

---

मांडवीकाठ

फणसवाडी काका, दंडवत. तुमच्या नाण्यांच्या घोळावरून आमच्याकडचा घोळ आठवला.

माझे बाबा पणजीचे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज. आमचा रुपया निराळा, सोळा टंगांचा. तिकडे भारतात नवे पैसे आले आणि पाठोपाठ १९५८ साली इकडे रुपयाच गेला, त्याच्या जागी एस्कुदो. एका रुपयाचे सहा एस्कुदो. म्हणजे पणजीच्या बाजारातल्या बाईला सोळाने भागायची सवय, तिला एकदम सहाने गुणायला लावलं. बाबा सांगायचे, आजी मासे घेताना टंगांत घासाघीस करायची, मासेवाली एस्कुदोत उत्तर द्यायची आणि मधला हिशेब शेजारचा दर्जी करून द्यायचा.

त्यात १९५५ पासून भारताने नाकेबंदी केलेली. बेळगावाहून येणारी भाजी, कांदे, बटाटे बंद. मग बटाटे आले हॉलंडातून, चहा सिलोनातून, सिमेंट जपानातून, तांदूळ पाकिस्तानातून. मुंबईत काम करणाऱ्या गोंयकारांचे पैसे घरी पोचवणं दुरापास्त. काकांनी टेरिलीनच्या शर्टाला हात लावून पाहिला, आमच्याकडे उलटं होतं. परदेशी घड्याळं, लेखण्या, दारू दुकानात मांडलेली, आणि अळसांद्याला, कोथिंबिरीला माणसं मोताद. आमच्या आजोबांकडे स्विस घड्याळ होतं आणि जेवणात महिनोन् महिने तेच हॉलंडचे बटाटे. ते बेचव लागतात यावर घरात एकमत होतं.

अवांतर झालं, पण त्याच दोन वर्षांतलं आहे म्हणून लिहिलं.

---

आकडेमोड

काका, सोन्याचा मुद्दा मी मागे घेत नाही. माणूस सोनं घेत नव्हता म्हणून मोजपट्टी खोटी ठरत नाही. पण रेडिओ दोन पगारांना आणि मोलकरीण चार रुपयांत, हे दोन आकडे शेजारी ठेवले की एकच निर्देशांक लावणं कठीण आहे, एवढं मान्य. त्या मोलकरणीचं घर चार रुपयांत कसं चालायचं?

---

फणसवाडी

चार रुपयांत नाही चालायचं. दहा घरं करायची. नवरा गिरणीत बदली कामगार, म्हणजे पहाटे गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. शिळं अन्न, जुनी लुगडी, दिवाळीची पोस्त हा पगाराचाच भाग होता. म्हणून तर स्वस्ताईचं कौतुक कोणी केलं की विचारावंसं वाटतं, स्वस्त कोणाला? ती बाई आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई होती. तो मुलगा आमच्या घरी कधी आला नाही, आणि का आला नाही हे मला फार उशिरा कळलं.

मांडवीकाठ, हॉलंडचे बटाटे वाचून हसलो. त्या काळात आमच्याकडे अमेरिकेतून गहू येत होता. आईला तो पसंत नव्हता, पोळ्या चिवट होतात म्हणायची. देशोदेशींचं अन्न खाऊन वाढलेली पिढी आपली!

---

मोगऱ्याची_वेणी

काका, काय लिहू! वही घेऊन बसले आणि एकदम वाचता यायला लागली. १९ म्हणजे तीन आणे हे कळल्यावर मार्च आणि एप्रिलची पानं शेजारी ठेवून पाहिली. भाव खरंच तेच आहेत. जूनमध्ये मात्र १२ चे १३ झालेत, तुम्ही म्हणालात तसेच, आणि तिथे समासात त्यांनी "वाणी लबाड" असं लिहिलंय. :)

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आता "पागडी किती असेल" यावर घसरलाय.

अजून विचारते. दर बुधवारी नियमाने "चणे, शेंगा ६" किंवा "चिवडा १२" अशी नोंद आहे. इतर वारी नाही. बुधवारचा उपास वगैरे काही होता का? आणि सिनेमाच्या नोंदी अगदी कमी आहेत. मग ही माणसं करमणूक काय करायची?

---

नारायणपेठी

बुधवार म्हणजे बिनाका गीतमाला, रात्री आठ वाजता, रेडिओ सिलोन! एवढंही ठाऊक नसणाऱ्यांनी वही फणसवाडी काकांच्या हवाली करावी. (हलकेच घ्या.)

पुण्याबद्दल दोनच ओळी. १९५९ साली विजयानंदला "सांगत्ये ऐका" लागला आणि १३१ आठवडे हलला नाही. तमाशाचा सिनेमा, पण आमच्या सोवळ्यातल्या आजीनेही पाहिला. घरी मात्र "देवीला गेले होते" असं सांगितलं, आणि आजोबांनी विचारलं नाही, कारण तेही कालच जाऊन आले होते.

---

फणसवाडी

नारायणपेठी बरोबर. बुधवारचे चणे हे तुमच्या घरी जमणाऱ्या शेजाऱ्यांसाठी. सांगितलं होतं ना, निम्मा मजला तुमच्याकडे!

आता या बुधवारामागची हकीकत. आपल्या आकाशवाणीवर तेव्हा सिनेमाची गाणी जवळजवळ बंद होती. नभोवाणीमंत्री केसकर, माणूस विद्वान, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांना सिनेसंगीत उथळ वाटायचं. परिणाम असा झाला की सगळा देश सिलोनकडे कान लावून बसला. गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि अमीन सयानींचा आवाज आला की आमच्या वाडीतला आवाज बंद. लघुलहरींवर स्टेशन सरकायचं, खरखर व्हायची, मग कोणीतरी उठून बटण केसभर फिरवायचं. ते बटण फिरवण्याचा मान प्रत्येक मजल्यावर ठरलेल्या माणसाचा. आमच्याकडे एक रेल्वेतले गृहस्थ होते. दुसऱ्या कोणी हात लावला तर ते उठून घरी जायचे आणि मग त्यांची समजूत काढण्यात एक गाणं जायचं. कुठलं गाणं कितव्या पायदानावर यावर पैजा लागायच्या. पैज एका आण्याची, पण वैर आठवडाभर.

शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली, तेव्हा घरचीच गाणी घरच्या स्टेशनावर यायला लागली. तरी बुधवार सिलोनचाच राहिला.

ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याच्यासाठी इराणी. एक पानीकम चहा घ्यायचा आणि तासभर बसायचं. मालक गल्ल्यावरून बघायचा, पण गाणं चालू असताना उठवायचा नाही. क्रिकेटच्या दिवसांत मात्र बाहेर फुटपाथवरही गर्दी. १९५८–५९ मध्ये वेस्ट इंडीज आली होती. हॉल आणि गिलख्रिस्ट या तेज गोलंदाजांच्या नावानेच आमच्या पोटात गोळा यायचा. त्या एका मालिकेत आपण चार कप्तान बदलले, आणि इराण्याकडचे सगळे जण पाचवा होण्यास तयार होते. कानपूरला सुभाष गुप्तेंनी एका डावात नऊ बळी घेतले तरी सामना गेला. कॉमेंट्री इंग्रजीत, आम्हाला कळायचं निम्मं. वाडीतला एक कॉलेजातला मुलगा प्रत्येक षटकानंतर मराठीत सांगायचा, आणि थोडं स्वतःच्या पदरचंही घालायचा. पुढच्याच वर्षी जसू पटेलनी कानपूरलाच ऑस्ट्रेलियाचे नऊ घेतले आणि आपण जिंकलो, तेव्हा इराण्याने कोणाला तरी फुकट चहा पाजला अशी वदंता होती. मी पाजताना पाहिलं नाही, आणि इराण्याला ओळखत असल्यामुळे विश्वासही नाही.

सिनेमा कमी कारण आठ माणसांचं तिकीट. खालच्या वर्गाचं धरलं तरी चारपाच रुपये, म्हणजे तीनएक आठवड्यांची भाजी. त्यामुळे वर्षातून एखादा, सगळ्यांनी मिळून ठरवून. "मदर इंडिया" १९५७ च्या दिवाळीत लिबर्टीला लागला, तो आईने पाहिला. महिनाभर ती घरात कोणाशी नीट बोलली नाही, आणि मी रडलो तर "त्या बाईने नांगर ओढला" हे ऐकावं लागायचं.

आणि फुकटची करमणूक होतीच की. गणपतीत मेळे, कोपऱ्यावर नाटकं. शिवाय सगळ्यात मोठी करमणूक, म्हणजे तेव्हा आम्हा पोरांना तरी तशी वाटायची, ती संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची. शाहीर अमरशेखांचा डफ वाजला की हजारो माणसं शांत. अत्रे बोलायला उभे राहिले की वडिलांसारखा मुकाट माणूस मांडीवर थापा मारून हसायचा. "मराठा" १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला, तेव्हापासून वडील तो चहाच्या आधी वाचायचे. एक प्रत, सहा बिऱ्हाडं. वही नीट पाहा, "पेपर" अशी नोंद दर महिन्याला नसेल, सहा महिन्यांतून एकदा असेल. पाळी असायची.

मोठ्यांची अजून एक करमणूक वहीत कधीच सापडणार नाही, ती म्हणजे आकडा, म्हणजे जुगार. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-बंद होत्या भावावर पैसे लावायचे. गिरगावातल्या ज्या कारकुनाला कापूस आणि सरकी यांतला फरक ठाऊक नव्हता, त्याला न्यूयॉर्कचा भाव तोंडपाठ. "किरकोळ ५०" अशी नोंद कुठे दिसली आणि अक्षर आजेसासूबाईंचं नसलं, तर समजून घ्या. जास्त खोलात जाऊ नका.

१९५७ चा जून मात्र बघा जरा. एशियन फ्लू आला होता, वाडीतलं एक घर सुटलं नव्हतं.

---

मोगऱ्याची_वेणी

पेपरची नोंद तंतोतंत तशीच आहे, सहा महिन्यांनी! "किरकोळ ५०" पण आहे, चार ठिकाणी, वेगळ्या अक्षरात. नवऱ्याला दाखवलेलं नाही.

जून ५७: "मोसंबी १–० , डॉक्टर २, बाटली पट्टी". १२ ते २० जून भाजीची नोंदच नाही. सगळी आजारी असणार. "बाटली पट्टी" म्हणजे काय?

---

फणसवाडी

डॉक्टर औषध स्वतःच करून द्यायचे. घरून रिकामी बाटली न्यायची, कंपाउंडर त्यात लाल नाहीतर पिवळं मिक्श्चर भरायचा आणि बाटलीच्या अंगाला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. बाटली नेली नाही तर बाटलीचे वेगळे पैसे पडायचे, ते त्यांनी लिहिलेत. १–० म्हणजे आजारपणात हात जुन्या सवयीने आण्यांवर गेला, हे एक रुपया शून्य आणे आहेत.

ती वाण्याची चोपडी मिळाली तर फोटो टाका. मुंबई शेर की बंगाली, ते मी भाव बघून सांगतो.